धुतलेली अंजिरं

६ जानेवारी

दैनंदिनी लिहिणाऱ्यांची मी आजवर टर उडवत आलो. ज्याला काही सांगायचं आहे त्याने चौकात उभं राहून सांगावं, वहीत तोंड खुपसून बसू नये, हे माझं मत. तरी आज वही काढली. या वर्षी मी जे सिद्ध करणार आहे ते कसकसं घडत गेलं, याची नोंद असलेली बरी. उद्या लोक विचारतील.

तर नोंद. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात भाषणं करतो. विद्यार्थी म्हणतात, उलटं आहे. अकरा वर्षांपूर्वी एका ट्रकमध्ये दाटीवाटीने उभी केलेली वासरं पाहिली आणि त्या दिवसापासून मांस, अंडी, दूध सगळं सोडलं. त्याच दिवशी ताईनेही सोडलं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तिने लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतःचं लग्न राहून गेलं. "तू खाणार नाहीस ते मी एकटी कशाला खाऊ," एवढंच ती तेव्हा म्हणाली होती. कारण विचारलं नाही. माझ्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसते आणि घरी आल्यावर विचारते, "वक्ते, पाणी पिणार की टाळ्यांवरच भागलं?"

विरोधक अकरा वर्षं एकच हाडूक चघळत बसले आहेत: बी-बारा. हे जीवनसत्त्व म्हणे प्राणिज अन्नातूनच मिळतं, ते संपलं की रक्त बिघडतं, नसा झिजतात, तेव्हा निदान गोळी तरी घ्या. मी गोळी घेत नाही. आपलं अन्न पूर्ण आहे असं जगाला सांगायचं आणि खिशात गोळीची पट्टी ठेवायची, ही लबाडी झाली. मी सभेत छातीवर हात ठेवून सांगतो, "अकरा वर्षं झाली. मी तुमच्यासमोर उभा आहे. मीच पुरावा."

पण एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे, एवढं शास्त्र मलाही कळतं. म्हणून वटवाघळं. फळखाऊ वटवाघूळ जन्मभर फळांशिवाय कशाला तोंड लावत नाही. बी-बारा साठतं यकृतात. रानातल्या फळखाऊ वटवाघळाचं यकृत भरलेलं निघालं, तर निसर्गानेच निकाल दिला म्हणायचा. मे महिन्यात आमच्या संघटनेची परिषद आहे. तिथे मी तो निकाल वाचून दाखवणार.

आणि या कामासाठी एकही जीव मी मारलेला नाही. बागांवरच्या जाळ्यांत अडकून मेलेली वटवाघळं बागवान आणून देतात. किडे खाणारी छोटी वटवाघळं जुन्या बोगद्याच्या पंख्यात सापडून मरतात, तीही मिळाली आहेत. सगळी बर्फात आहेत.

११ जानेवारी

कॉलेजच्या मागच्या अंगणात आमचा मोठा पिंजरा आहे. जाळ्यांतून जिवंत सुटलेली, पंख फाटलेली नऊ फळखाऊ वटवाघळं गेल्या वर्षी तिथे ठेवली. त्यांना वर्षभर फक्त फळं. रानातलं वटवाघूळ काय खातं हे कुणी पाहिलेलं नसतं. पिंजऱ्यातल्याचा घास न् घास आपल्या हातातला. म्हणून मी नियम घातला आहे: प्रत्येक फळ तीन पाण्यांतून धुवायचं, चिरायचं, आत अळी-किडा दिसला तर तेवढा भाग काढून टाकायचा. फळ म्हणजे निव्वळ फळ.

पिंजरा सांभाळणारे मामा (सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं) गेली चोवीस वर्षं इथे आहेत. फळं धुताना पुटपुटत असतात. आज म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः तरी एवढं धुऊन खाता का?"

"मामा, हे शास्त्र आहे."

"असेल. रानात यांना कोण ताटं वाढून देतं, तेवढं सांगा."

मी हसून सोडून दिलं. डिसेंबरात नवांतली दोन मेली. वयाने असावीत. त्यांचीही यकृतं काढून ठेवली आहेत.

घरी ताईच्या हातून कप फुटला. या महिन्यातला तिसरा. म्हणाली, "हल्ली कपच हलके बनवतात, हातात आहे की नाही कळत नाही." मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं. जरा जोरातच म्हटलं.

२ फेब्रुवारी

आज दिवसभर यकृतं. किडेखाऊंची नखाएवढी, काळपट. फळखाऊंची मोठी, विटकरी. रानातल्यांची आणि पिंजऱ्यातल्यांची वेगवेगळ्या कुप्यांत भरून प्रयोगशाळेतल्या बाईंच्या हवाली केली. बाई मोजणीचं यंत्र चालवतात आणि माझ्या एकाही भाषणाला आलेल्या नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सर, यंत्राला टाळ्या ऐकू येत नाहीत, मलाही सवय नको."

संध्याकाळी ताई एकाच पायात चप्पल घालून कुंड्यांना पाणी घालत होती. म्हटलं, दुसरी कुठे आहे? तर म्हणे, "आहे की पायात." मग खाली बघितलं आणि आम्ही दोघंही हसलो. दुसरी चप्पल उंबऱ्याशी पडली होती. त्रेसष्ट वर्षांची झाली, विसरणारच.

गुलाबाच्या कुंडीत अंड्याची टरफलं दिसली. मी भुवया उंचावल्या, तर ताई म्हणाली, शेजारच्या काकूंनी खत म्हणून दिलीत. काकू कोंबड्या पाळतात. ठीक. कोंबडीवर अन्याय झालाच आहे, गुलाबाचं तरी भलं होऊ दे.

१९ फेब्रुवारी

आकडे आले.

किडेखाऊंचं यकृत शंभर धरलं, तर रानातल्या फळखाऊंचं साठाच्या वर. किडेखाऊंकडे जास्त असणारच, पण फळांवर जगणाऱ्याकडे साठ? विरोधकांच्या हिशेबाने तिथे शून्याच्या आसपास काहीतरी असायला हवं होतं. बाईंच्या टेबलाशी उभा राहून मी तो कागद चार वेळा वाचला. बाई म्हणाल्या, "पिंजऱ्यातल्यांचे बाकी आहेत. तोवर भाषण लिहू नका."

लिहिलं. बसमध्येच लिहायला घेतलं. पहिलं वाक्य: "झाडाला उलटा टांगलेला एक साक्षीदार मी आज आणला आहे."

घरी आलो तर ताईने गरम पाव भाजला होता. ताई माझ्यासाठी वेगळा पाव करते, मऊ, पिवळसर, आणि बरोबर पांढरं सूप. बदामाचं, म्हणते. स्वतः मात्र दुकानातला कोरडा पाव आणि उकडलेली भाजी. विचारलं की म्हणते, "बोलणाऱ्याच्या घशाला मऊ लागतं. माझं काय, मला सुई-दोऱ्याशी बोलायचं असतं." तिला आकडे वाचून दाखवले. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे त्यांना काही कमी पडत नाही?"

"काही नाही."

"बरं झालं," म्हणाली, आणि जिभेला तिखट लागतं म्हणून भाजी बाजूला सारली. भाजीत तिखट नव्हतं. मी खाऊन पाहिली.

२३ फेब्रुवारी

कारखान्याच्या सभागृहात भाषण. गर्दी मागच्या दारापर्यंत. ताईचा पाव हातात धरून दाखवला: बघा, अंडं नाही, दूध नाही, आणि कापसासारखा मऊ. टाळ्या. ताई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. तिला असं मिरवणं आवडत नाही.

शेवटी एक तरुण मुलगी उठली. म्हणाली, "मीही सोडलंय सगळं. पण डॉक्टर म्हणतात बी-बाराची गोळी घे. घेऊ का?" मी म्हटलं, "माझ्याकडे बघ. मी आजारी दिसतो का?" हशा, टाळ्या. ती बसली.

खुर्चीतून उठताना ताईने माझा दंड धरला. पायाला मुंग्या आल्यात म्हणाली. बाहेरच्या पायऱ्या उतरताना एकेक पायरी डोळ्यांनी बघत होती.

हे लिहिताना आठवलं. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या डॉक्टरांनी तिलाही तीच गोळी सुचवली होती. तिने मला विचारलं होतं, "घेऊ का रे?" मी काय म्हणालो ते नीट आठवत नाही. बहुधा तेच, जे आज त्या मुलीला म्हणालो.

८ मार्च

पिंजऱ्यातल्या दोघांचे आकडे: तीन आणि चार. शंभरातले.

मी बाईंना म्हटलं, यंत्र बिघडलंय. बाईंनी पुन्हा मोजलं. तीन आणि चार. मग मी म्हटलं, कुप्या बदलल्या असतील. बाईंनी चिठ्ठ्या दाखवल्या, अक्षर माझंच. शेवटी म्हणाल्या, "सर, नाचता येईना तर अंगण वाकडं, असं यंत्राला म्हणू नका. अंगण सरळ आहे."

पिंजऱ्यातून मामांचा निरोप: सातवी पडली. सातवी म्हणजे सात नंबरची कडी घातलेली मादी. छताच्या जाळीला लटकायला गेली की पायाची पकड सुटते. जमिनीवर पडते, पंख टेकत सरकते, पुन्हा चढते, पुन्हा पडते. मी अर्धा तास बघत होतो. फळ समोर धरलं तर खाते. भूक आहे, अंग आहे. फक्त आपले पाय कुठे आहेत हे तिला कळत नाहीसं वाटतं.

कोंडून ठेवल्याचा परिणाम असेल.

ताईने एका गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा खराब केला. बोटात सुई गेली आणि कळलंच नाही. सगळ्या बाहीवर रक्ताचे ठिपके. रडली नाही, पण सदरा बराच वेळ पाण्यात चोळत बसली. मी म्हटलं, आता शिवण बंद कर, पुष्कळ झालं. ती म्हणाली, "मग करू काय? भाषणं?"

१५ मार्च

आज मामांशी भांडलो. चुकलो मीच, पण ते लिहायला दिवस गेला.

मी त्यांना म्हणत होतो, काहीतरी राहून जातंय, फळं तीच, झाडं तीच, मग रानातलं वटवाघूळ भरलेलं आणि आपलं रिकामं कसं? मामांनी टोपलीतून न धुतलेलं एक रानअंजीर उचललं आणि माझ्या पुढ्यात नखाने उघडलं.

आत पाखरं होती. चिलटांएवढी, काळी, काही मेलेली, काही चालणारी. एका अंजिरात वीस-पंचवीस तरी.

"हे तुम्ही मला तीन पाण्यांनी धुवायला लावता," मामा म्हणाले. "रानातलं वटवाघूळ पाखरासकट गिळतं. त्याला कुठे माहीत तुमचा नियम."

मी म्हटलं, एवढ्याशा चिलटांनी काय होतं. मामा म्हणाले, "किती लागतं ते तुम्हाला ठाऊक. पण चौदा महिने काहीच दिलं नाही, हे मला ठाऊक." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "बोललो. तुम्ही म्हणालात, शास्त्र आहे."

१६ मार्च

रानातल्या मेलेल्या वटवाघळांची पोटं उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. पंखांचे तुकडे, पायाचे तुकडे, अंजिराच्या बियांमध्ये मिसळलेले. अकरांपैकी अकरांत.

माझा साक्षीदार खोटं बोलत नव्हता. मीच त्याच्या तोंडी माझं वाक्य घालत होतो. फळ खातोय असं त्यालाही वाटत असेल. जे त्याला जगवत होतं ते फळाच्या आत लपून येत होतं, आणि मी ते काळजीपूर्वक धुऊन काढलं. नऊ जिवांसाठी. स्वच्छतेच्या नावाखाली.

दुपारी घरी आलो. ताईला मी आल्याचं कळलं नव्हतं. ती खोलीतून स्वयंपाकघराकडे जात होती. एक हात भिंतीवर, डोळे पायांवर. पाय उचलायची, जरा जास्तच वर, आणि थाडकन टाकायची, जणू खाली जमीन आहे की नाही याची खात्री नाही. मधे भिंत संपते तिथे ती थांबली. हात हवेत धरून उभी राहिली.

मी हे पाहिलं आहे. आठ दिवसांपूर्वी अर्धा तास उभं राहून पाहिलं आहे.

२० मार्च

नसांच्या डॉक्टर. शांत आहेत, कमी बोलतात. ताईला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. ताई कलंडली. डॉक्टरांनी धरलं. मग एक लोखंडी चिमटा वाजवून तिच्या घोट्यावर टेकवला आणि विचारलं, "थरथर जाणवते का?"

ताई म्हणाली, "आधी वाजवा तरी."

चिमटा थरथरत होता. मला लांबून ऐकू येत होता.

रक्तात बी-बारा नसल्यासारखंच. डॉक्टर म्हणाल्या, पालेभाजीतल्या दुसऱ्या एका जीवनसत्त्वाने रक्त सावरून धरलं, म्हणून चेहरा पांढरा पडला नाही आणि कुणाला शंका आली नाही. आत पाठीच्या कण्यातल्या नसा झिजत राहिल्या, तीन-चार वर्षं तरी. इंजेक्शनांनी जीभ बरी होईल, विसरणं थोडं कमी होईल. पायांचं त्यांनी काही सांगितलं नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "उशीर झाला आहे."

ताईला दाखल करून घेतलं. मग माझंही रक्त घेतलं. "तुम्हीही तेच खाता ना?" मी म्हटलं, अकरा वर्षं, एकाच स्वयंपाकघरातलं.

२३ मार्च

माझं बी-बारा उत्तम आहे. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. म्हणाल्या, "गोळी घेता?" नाही. "चोरून कुठे बाहेर खाता? लाजू नका, पुष्कळ जण खातात." मी ताडकन उभा राहिलो.

इथे खरं लिहायचं तर, तो कागद बघून क्षणभर मला आनंद झाला. मीच पुरावा, हे शब्द आपोआप ओठांवर आले. ताई बाजूच्या खाटेवर होती.

३० मार्च

माझ्या शरीरात काय वेगळं आहे याचा विचार करतोय. आतड्यातले जंतू असतील. पुरुषांची साठवण जास्त असेल. तिचं वय असेल. मी पहिल्या वर्षी मंचावर चक्कर येऊन पडलो होतो, पण ते उन्हामुळे, आणि त्यानंतर कधीच नाही. म्हणजे शरीराने जुळवून घेतलं असेल. तीन पानं भरली. बाईंना दाखवली. त्यांनी वाचून परत दिली आणि विचारलं, "सर, तुमची फळं कोण धुतं?"

चेष्टा होती की काय, कळलं नाही.

२ एप्रिल

ताई रुग्णालयात असल्यापासून मी स्वतःच पाव भाजायचा प्रयत्न करतोय. दगड होतो. तिच्या डब्यांतलं पीठ तेच, खमीर तेच, ओव्हन तोच.

आज सकाळी मागचं दार वाजलं. शेजारच्या काकू, पंधरवड्याने गावाहून परतलेल्या, हातात झाकलेली टोपली. मला बघून दचकल्या.

"ताई नाहीत?"

"रुग्णालयात आहेत. काय होतं?"

"काही नाही. मी परत येते." वळल्या. मी टोपलीवरचं फडकं उचललं. दोन अंडी आणि दुधाचं भांडं.

मी म्हटलं, काकू, हे या घरात चालत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझा आवाज खाली आला. म्हणाल्या, "तुमची ताई गेली दहा वर्षं रोज घेते. मला बजावून ठेवलंय, पुढच्या दाराने यायचं नाही, तुमच्यापुढे बोलायचं नाही. मी बोलले नाही हो. पण आता विचारलंत म्हणून." मग टोपली ओट्यावर ठेवली. "बाकी, तिला मी कितीदा म्हटलं, एक तू पण खा गं. तर म्हणायची, मला नको."

त्या गेल्यावर मी ओट्याशी उभा राहिलो. पिवळसर पाव. पांढरं सूप. कुंडीतली टरफलं. रानअंजीर उघडून दाखवलं तेव्हासुद्धा मला दिसलं नाही.

३ एप्रिल

ताई उशाला टेकून बसली होती. आज डोळे स्वच्छ होते. मी खुर्ची ओढली.

"ताई, अंडी कुणासाठी?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "काकू आली होती वाटतं. सांगायला हवं होतं तिला, घरात नाहीये म्हणून. विसरले."

"दहा वर्षं?"

"तू मंचावर कोसळलास ना, तेव्हापासून."

"उन्हामुळे कोसळलो होतो."

"असेल. मला काय कळतंय. मी शिवणारी बाई. कापड कमी पडलं की आतून जोड लावायचा, बाहेर दिसू द्यायचा नाही, एवढंच येतं मला."

मी तिच्या अंगावरची चादर सरळ केली. मग विचारलं, "मग तू का नाही खाल्लंस?"

ती म्हणाली, "तू सभेत सांगायचास ना, माझ्या घरात कुणी या पापाला शिवत नाही. हजार हजार माणसं ऐकायची. मी पहिल्या रांगेत असायचे. दोघांनी खाल्लं असतं तर ते सगळंच खोटं पडलं असतं, बाळा. एकाने तरी खरं राहायला नको?"

मी म्हटलं, मी तुला गोळी घेऊ दिली नाही.

"तू नाही म्हणालास, मी नाही घेतली. तुझा दोष काय त्यात." मग थोडं थांबून, "माझ्यावर चिडलास? फसवलं म्हणून?"

ती माझ्याकडे बघत होती आणि तिला खरंच भीती वाटत होती की मी चिडेन.

१९ मे

परिषद झाली. लिहिलेलं भाषण खिशातून काढलं नाही.

आकडे वाचले. शंभर, साठ, तीन, चार. अंजिरातली पाखरं सांगितली. मग अंडी सांगितली. मग ताई. मी म्हटलं, वासरांबद्दल मी तुमच्याशी एकदाही खोटं बोललो नाही, आजही त्यातला शब्द मागे घेत नाही. खोटं बोललो ते माझ्याबद्दल, आणि ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नाही. ती गोळी जंतूंपासून बनते. तिच्यासाठी एकही प्राणी मरत नाही. ती नाकारण्यात दया नव्हती, माझी ऐट होती, आणि त्या ऐटीची किंमत मी दिलेली नाही. गोळी घ्या. आज घ्या.

कारखान्यातल्या सभेतली ती मुलगी आहे का, म्हणून विचारलं. नव्हती. तिचं नाव मला माहीत नाही. तिला कसं शोधायचं, हेही माहीत नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. मी आयोजकांना ती ठेवायला सांगितली होती.

११ जून

सातवी उडाली. मार्चपासून मामा फळं धुवत नाहीत. सातांपैकी चार वाचली. आधी सातवीची पकड आली, मग पंख. आज आम्ही छताची जाळी बाजूला केली. ती काठावर बराच वेळ लटकली, पाय पक्के, आणि मग झाडीकडे गेली. मामा म्हणाले, "चला, एक पाप कमी झालं."

घरी येऊन ताईला सांगितलं. तिची जीभ बरी झाली आहे, आता सगळं आठवतं, टोमणेही परत आले आहेत. चाकांच्या खुर्चीत अंगणात बसते. सुई हातात धरता येत नाही, म्हणून मी शिवायला शिकतोय आणि ती हसते. गोळी आम्ही दोघंही घेतो. अंडं तिने एकदाच खाल्लं, डॉक्टरांसमोर, डोळे मिटून.

"म्हणजे बरी झाली ती पूर्ण?" तिने विचारलं.

"पूर्ण."

"छान. एकीचं तरी झालं." मग म्हणाली, "वक्ते, गार वारा सुटलाय. माझ्या चपला आण, पायात सरकव, आणि मला आत ने."

मी चपला आणल्या. खाली बसलो आणि तिचा उजवा पाय ओंजळीत घेतला. थंड होता, हलका. चप्पल घालायची सोडून मी तसाच धरून बसलो. ती वर आकाशाकडे बघत सातवीबद्दल विचारत होती, ती आता कुठे राहील, एकटी राहील का, खायला काय मिळेल तिला. मी उत्तरं देत होतो. मग ती जरा वैतागून म्हणाली, "अरे, घालतोस ना? की अजून हुडकतोयस पाय?"